अकरा पायऱ्यांचा दवाखाना

आमच्या कुटुंबाची दवाखान्यातली सगळी माहिती कागदी कार्डावरून ॲपमध्ये मीच भरली. त्यात एक आकडा मी गाळला. माझे वडील, ज्यांना आम्ही आण्णा म्हणायचो, त्यानंतर आठ महिन्यांनी हृदय निकामी होऊन गेले. त्या आकड्याचा आणि त्यांच्या जाण्याचा संबंध नेमका किती, हे मी डॉक्टरांना तीनदा विचारलं. तिन्ही वेळा उत्तर मिळालं, की असं मोजून सांगता येत नाही. म्हणून जे झालं ते क्रमानं लिहून ठेवतो आहे.

मी टॉवेलच्या कारखान्यात तपासणी खात्यात आहे. एका इंचात धागे किती, टॉवेलचं वजन किती, धुतल्यावर तो आटला किती, हे मोजायचं आणि तक्त्यात भरायचं. सत्तावीस वर्षं हेच करतो आहे. घरीही ती सवय सुटत नाही. गॅसची टाकी किती दिवस पुरली हे कॅलेंडरवर लिहिलेलं असतं. बायको म्हणते, या माणसाच्या ताटात भाकरी वाढताना भीती वाटते, जाडी मोजून परत पाठवतील.

आमच्या डॉक्टरांचा दवाखाना सोलापुरात नवी पेठेजवळच्या एका गल्लीत आहे. खाली अर्ध्या तळघरात कापडाचं गोदाम, त्यामुळे दवाखाना रस्त्यापासून अकरा पायऱ्या वर. त्या अकरा आहेत हे मला आता माहीत आहे. सव्वीस वर्षं चढलो-उतरलो, पण कधी मोजल्या नव्हत्या. वर पोचलं की डाव्या हाताला बाकडं आणि समोर डॉक्टरांचं टेबल. त्यांची खुर्ची जिन्याकडे तोंड करून असायची. मधे ना पडदा, ना दार. खालून येणारा माणूस पहिल्या पायरीपासून त्यांना दिसायचा. हातात स्टेथोस्कोप, समोर दुसराच पेशंट, आणि डोळे मात्र अधूनमधून जिन्याकडे. गर्दी किती आहे ते बघत असतील, असं मला वाटायचं.

तिथे एका घराला एक कार्ड असे. जाड खाकी कागदाचं, घडीचं, आणि भरलं की त्यालाच दुसरं टाचलेलं. आमच्या कार्डाला अशी सहा टाचणं झाली होती. आईचा दमेकऱ्यासारखा खोकला, मुलीच्या गोवराची पुरळ, माझं ॲसिडिटीचं दुखणं, सगळं एकाखाली एक. आण्णांचं ब्लडप्रेशर त्यात दर महिन्याला. डॉक्टर काही विचारायच्या आधी कार्ड वरून खाली वाचायचे, आणि माझी नाडी बघता बघता मुलीच्या परीक्षेचं विचारायचे.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांचा पडदा बिघडायला लागला. त्यांनी दोन वर्षं सूनबाईंना शेजारी बसवलं, आणि गेल्या वर्षी नवरात्र झाल्यावर टेबल त्यांच्याकडे सोपवलं. त्याही डॉक्टर. आम्ही त्यांना मॅडम म्हणतो. मॅडम हुशार आहेत, कष्टाळू आहेत, आणि खोटं आश्वासन देत नाहीत. त्यांनी दवाखान्यात ॲप आणलं. नंबर घरून लावायचा, रक्ताचा रिपोर्ट फोनवर, औषधाची चिठ्ठी फोनवर, आणि ज्यांचं जुनं दुखणं आहे त्यांना व्हिडिओवर तपासणी. मला हे पहिल्या दिवसापासून आवडलं, हे इथे प्रामाणिकपणे लिहितो. अजूनही आवडतं. माझ्या बायकोच्या थायरॉईडचे सहा वर्षांचे रिपोर्ट आता एका नजरेत दिसतात. पूर्वी त्यातले दोन हरवले होते.

दिवाळी झाल्यावर दवाखान्यानं सगळ्या कुटुंबांना निरोप दिला, की आपापलं कार्ड घेऊन या आणि ॲपमधली माहिती समोर बसून भरून घ्या. सुट्टीच्या दिवशी मी गेलो. आता मॅडमची खोली आत होती, काचेचं दार, एसी. डॉक्टरांच्या टेबलाच्या जागी रिसेप्शन आलं होतं आणि तिथल्या बाईंचा संगणक भिंतीकडे होता. मी चार तास बसून सव्वीस वर्षं भरली. तारीख, तक्रार, ब्लडप्रेशर, औषध.

जवळजवळ प्रत्येक नोंदीच्या उजव्या कोपऱ्यात डॉक्टरांनी पेन्सिलीनं एक छोटं वर्तुळ काढून त्यात आकडा लिहिलेला होता. बहुतेक ठिकाणी अकरा. कुठे दहा, कुठे सात. ॲपमध्ये त्याच्यासाठी रकाना नव्हता. मी रिसेप्शनच्या बाईंना विचारलं. त्या नवीन होत्या. म्हणाल्या, टोकन नंबर असेल काका, जुना, आता काय करायचाय.

हे मला पटायला नको होतं. दवाखान्यात रोज पन्नास-साठ माणसं यायची आणि आमच्या सहा कार्डांवर तो आकडा कधीच अकराच्या वर गेलेला नव्हता. हे माझ्या लक्षात आलं होतं. मी आण्णांच्या नोंदी मोजल्यासुद्धा. एकशे सदतीस. शेवटची सोडून सगळीकडे अकरा, आणि शेवटच्या, नवरात्रातल्या नोंदीत नऊ. असा टोकन नंबर कुणाचा असतो? कारखान्यात असा तक्ता समोर आला असता तर मी तो परत पाठवला असता. पण दुपारचे दोन वाजले होते, भूक लागली होती, आणि आम्ही नेहमी सकाळी लवकर जातो म्हणून नंबर लहान असतील, असं उत्तर मीच स्वतःला देऊन टाकलं. आकडा गाळला. कार्ड घरी आणून कपाटात ठेवलं.

आण्णा तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. मंगळवेढ्याकडच्या एका गावातून विशीत इथल्या गिरणीत आलेले. गिरणी बंद पडल्यावर एका शाळेत पहारेकरी होते. आई जाऊन आठ वर्षं झाली होती. त्यांच्या गुडघ्यांचा विचार करून आम्ही नव्या वस्तीत तळमजल्यावरचं घर घेतलं होतं. दारात एक उंबरठा, बाकी सगळं सपाट.

त्यांना व्हिडिओ तपासणी नको होती. म्हणाले, "डॉक्टर मला बघत्यात, मी डॉक्टरला बघतो. ह्यात कोन कुनाला बघतंय?" शिवाय बाकड्यावर त्यांची दोन-तीन माणसं ठरलेली होती, एक जुना गिरणीतला जोडीदार त्यात होता. मी त्यांना हिशेब करून दाखवला. रिक्षानं जायला पंचवीस मिनिटं, बसून राहायचं एक तास चाळीस मिनिटं, तपासणी चार मिनिटं, परत यायला पंचवीस. एकूण दोन तास चौतीस मिनिटं. व्हिडिओवर सहा मिनिटं. आण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ते वाचल्यालं अडीच तास मी काय करू?"

आम्ही सगळे हसलो. तेही हसले. पुढच्या महिन्यापासून व्हिडिओ सुरू झाला.

मी ब्लडप्रेशरचं यंत्र घेतलं. माहितीपत्रकात लिहिलं होतं, की मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसवावं. मी दहा मिनिटं बसवायचो. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला उशीवर. सकाळी सात, संध्याकाळी सात. एकशे ब्याण्णव दिवस, म्हणजे तीनशे चौऱ्याऐंशी वेळा. त्यातल्या दोन वेळा सेल संपले होते, म्हणून नोंदी तीनशे ब्याऐंशी. मॅडम एकदा म्हणाल्या, की एवढ्या नीट नोंदी दुसरं कुठलंच घर पाठवत नाही. मी ते कारखान्यातसुद्धा दोघांना सांगितलं.

आण्णांनाही त्याचा अभिमान होता. यंत्राचा पट्टा सैल झाला, की आधी माझ्या तोंडाकडे बघायचे. मी म्हणायचो, मस्त आहे. मग ते शेजाऱ्याला सांगायचे, "आमच्या पोरानं लिवल्यालं म्याडम सोता वाचत्यात. सगळं चांगलं हाय म्हनल्यात."

व्हिडिओवर मॅडम न चुकता सगळं विचारायच्या. छातीत दुखतं का? झोप लागते का? चालताना दम लागतो का? आण्णा म्हणायचे, न्हाय. आणि वर त्यांनाच विचारायचे, तुमी जेवला का न्हाय अजून. मॅडम हसायच्या. मी फोन त्यांच्या चेहऱ्यासमोर धरलेला असायचा. सहा मिनिटं म्हटली होती, ती चारातच उरकायची.

दम लागत नाही हे आण्णा खोटं बोलत नव्हते. ते चालतच नव्हते. पूर्वी कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत जायचे. मग फाटकापर्यंत. मग फाटकाजवळची खुर्ची आत आली. विचारलं तर म्हणायचे, ऊन लई हाय. सोलापुरात फेब्रुवारीपासून हे कारण कुणालाही पटतं. एप्रिलमध्ये बायको म्हणाली, आण्णांनी तिसरी उशी मागितली. मला वाटलं मान दुखत असेल. मे महिन्यात ती म्हणाली, चपलेचा पट्टा बसत नाही त्यांना, नवीन घ्यायला हवी. मी आठ नंबरऐवजी नऊ नंबरची चप्पल आणली.

माझ्या तक्त्यात एक गोष्ट दिसत होती, पण ती मी नंतर पाहिली. नाडी. सुरुवातीला बहात्तर, संक्रांतीला अठ्ठ्याहत्तर, पाडव्याला चौऱ्याऐंशी, मेच्या शेवटी नव्वद. ॲपमध्ये शंभरपर्यंत हिरवी खूण यायची. प्रत्येक दिवशी हिरवी खूण होती.

मे संपताना एका सकाळी आण्णा न्हाणीघरातून बाहेर आले आणि दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. काय झालं विचारलं तर हातानं थांब म्हणाले. बोलता येत नव्हतं. ओठ निळसर झाले होते. जवळच्या खासगी रुग्णालयात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, की फुप्फुसात पाणी आहे, हृदयाची ताकद बरीच गेलेली आहे आणि हे एका दिवसात झालेलं नाही. मी फोन उघडून माझा तक्ता पुढे केला. त्यांनी तो खरोखर वाचला, घाई केली नाही. मग म्हणाले, हे सगळं बसल्यावरचं आहे. चालल्यावरचं काही आहे का?

त्यांना जुना इतिहास हवा होता. म्हणून मी कपाटातलं कार्ड काढलं आणि दुसऱ्या दिवशी जुन्या डॉक्टरांच्या घरी गेलो. ते दवाखान्याच्या मागेच राहतात. भिंग डोळ्याला अगदी चिकटवून त्यांनी कार्ड वाचलं. आण्णांच्या शेवटच्या नोंदीवर थांबले.

"नऊ," ते म्हणाले. "ह्याच्या पुढचे कुठे आहेत?"

मी म्हटलं, पुढचं सगळं ॲपमध्ये आहे.

"ते नाही. पायऱ्या."

मला कळलं नाही. तेव्हा त्यांनी सांगितलं. पेशंट जिना चढताना पहिल्यांदा कितव्या पायरीवर थांबला, तो आकडा ते वर्तुळात लिहायचे. न थांबता आला तर अकरा. चाळीस वर्षं प्रत्येक मोठ्या माणसाचा लिहीत आले होते. आकडा एकदा उतरला तर पुढच्या खेपेला नीट बघायचं. दोनदा उतरला तर हृदयाच्या तपासणीला पाठवायचं. मी म्हटलं, तुम्ही विचारलं असतं तरी आण्णांनी सांगितलं नसतं.

"म्हणून तर विचारायचो नाही," ते म्हणाले. "माझ्यासमोर बसला की पेशंट शहाणा होतो. पायरीवर त्याला माहीत नसतं कोणी बघतंय म्हणून."

मग मी आईच्या नोंदी काढल्या. तिच्या शेवटच्या वर्षातल्या. दहा, सात, पाच. त्यापुढे वर्तुळंच नाहीत, कारण पुढे डॉक्टर घरी यायचे. त्या आकड्यांवरून मी दिवाळीनंतर दवाखान्यात बसून बोट फिरवलं होतं आणि आई हळूहळू लवकर नंबर लावायला लागली होती, असं मनाशी म्हटलं होतं.

डॉक्टरांनी मला दोष दिला नाही. सुनेलाही सांगायला हवं होतं, ते राहूनच गेलं, एवढंच म्हणाले. त्यांना ती माहिती वाटतच नव्हती. चष्मा पुसण्यासारखी सवय होती. संध्याकाळी मॅडमचा फोन आला. त्यांना सासऱ्यांनी सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर दोन वर्षं बसले, ते वर्तुळ रोज बघितलं आणि कधी विचारलं नाही. मी म्हटलं, मी विचारलं होतं, पण चुकीच्या माणसाला.

सहाव्या दिवशी आण्णा घरी आले. अंगातलं पाणी काढणाऱ्या गोळ्यांनी पायांची सूज उतरली होती, नऊ नंबरची चप्पल आता ढिली व्हायची. मॅडम स्वतः दोनदा घरी येऊन गेल्या. सकाळ-संध्याकाळची मोजणी मी चालू ठेवली, त्यात वजनाचा, रात्री किती उशा लागल्या त्याचा आणि पलंगापासून दारापर्यंत किती वेळा थांबले त्याचा रकाना वाढवला. एका दुपारी पट्टा गुंडाळत असताना मी त्यांना विचारलं, की दम लागत होता हे मला का सांगितलं नाही. विचारताना माझा आवाज चढला होता. तो चढायला नको होता.

आण्णा म्हणाले, "आरं, तू रोज लिवतुयास. रोज चांगलं हाय म्हनतुयास. मशिनीत चांगलं दिसतंय म्हनल्यावर मी कशाला वंगाळ बोलू? मला वाटलं, म्हातारपन आसंच आसतंय."

मी म्हटलं, पण त्रास तुम्हाला होत होता ना?

"व्हय की," ते म्हणाले. "पर तुजं चुकल्यालं मी कदी बगितलं न्हाय."

त्यानंतर ते पाच आठवडे होते. जुलैमध्ये एका सकाळी चहा घेऊन पडले, ते उठले नाहीत. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, की गोळ्यांनी पाणी आवरतं, पण हृदयाची गेलेली ताकद परत येत नाही. नवरात्रापासूनच उपचार सुरू झाले असते तर काय झालं असतं, हेच मी तीनदा विचारलं होतं.

माझी धाकटी बहीण मोहोळला असते. तिचं घर शेतीचं. आण्णांशी दर रविवारी फोनवर बोलायची. दहाव्याचे विधी करून परतल्यावर पाहुणे जेवून गेले आणि आम्ही दोघंच मागच्या पडवीत बसलो. तिनं विचारलं, "दादा, कुनालाच कसं कळलं न्हाय रं?" तिच्या बोलण्यात आरोप नव्हता. ती खरंच विचारत होती.

मी आतून कार्ड आणलं आणि सगळं सांगितलं. वर्तुळ दाखवलं. तो आकडा अकराच्या वर जात नाही हे मला दिसलं होतं, हेही सांगितलं, कारण ते मी बायकोलासुद्धा तोवर सांगितलं नव्हतं. आण्णा माझ्या आकड्यांवर विसंबून गप्प राहिले, हेही सांगितलं. ती मला बोलेल, असं मला वाटत होतं. बोलली असती तर बरं झालं असतं.

तिनं माझ्या हातातून कार्ड घेतलं. मग म्हणाली, की होळीपासून आण्णा फोनवर बोलता बोलता मधेच थांबायचे. वाक्य अर्धं सोडायचे, आणि पुन्हा सुरू करायचे. तिला वाटलं, कान गेले, आपलं बोलणं त्यांना ऐकू येत नाही.

"मग मी मोठ्यानं बोलायची," ती म्हणाली. "ते थांबले की अजून मोठ्यानं. घरातले हसायचे मला."

बायकोनं आतून दोघांना जेवायला हाक मारली. आम्ही उठलो नाही. बहिणीनं कार्डाची सहाही टाचणं एकावर एक सारखी केली आणि ते माझ्या हातात न देता आपल्या मांडीवर ठेवलं.